आबांनी घासलेली तलवार

आबा,

तुम्ही आपट्याची पानं आणायला गेलात, म्हणून चिठ्ठी ठेवून निघतेय. समोर असतात तर भांडणच झालं असतं.

दसऱ्याच्या पूजेसाठी घरातलं लोखंड घासायला काढलंत, ठीक आहे. पण गच्चीवर वाळत ठेवलेली माझी तलवार कशाला घासलीत? ती खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची तलवार आहे हो! पॉलिश पेपरने तिची चमक उतरवून, गोंदावर चहापत्ती चिकटवून, वर तपकिरी रंग देऊन मी आठवडाभर तिला गंज चढवत होते. तुम्ही चिंच आणि तारेची घासणी घेऊन तो साफ काढलात. आता आतलं पोपटी प्लास्टिक दिसतंय, आणि पारोळ्याच्या किल्ल्यात आमच्या अहिराणी फिल्मची सगळी मंडळी माझ्या नावाने ओरडतेय. वाटेत रंग घेते, तिथेच काय जमेल ते करते.

जेवायला थांबू नका. श्रीखंड फ्रिजमध्ये आहे.

एक मात्र कळलं नाही. पोपटी रंग दिसल्यावर ती खोटी आहे हे तुम्हाला समजलंच असणार. तरी तुमच्या गॅरेजच्या पान्यांशेजारी पाटावर मांडून तिला हळदकुंकू लावलंत, झेंडू वाहिलात. एरवी तर माझ्या कामाला "हाऊ बठ्ठा पोरखेळ शे" म्हणता.

संध्याकाळी मला बघायला पाहुणे येतील, तेव्हा पोरगी रिकामीच असते असं या वेळी सांगू नका. रिकाम्या माणसाचं हत्यार कोणी पुजतं का?

मयुरी