ह्यांची गाडी माझ्या नावावर

४ मार्च, सकाळी
ठरलं. गाडी माझ्या नावावर करायची. हे जाऊन पाच महिने झाले नाहीत, तोवर मुलगा अशी फिरवतोय जशी काही सासऱ्याने दिली. मागच्या सीटवर सुनेचे शिवणाचे गठ्ठे, खाली दोरे, बिस्किटांचा चुरा. शी. गाडी आहे की उकिरडा. कागद माझा झाला की चावी माझ्या कमरेला. ज्याला हवी त्याने माझ्याकडे मागायची.

६ मार्च
गाड्यांच्या ऑफिसात गेले. जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात थुंकलेलं. काउंटरवरचा टकल्या जिभेला बोट लावून कागद उलटतो, आणि त्याच ओल्या बोटाने ह्यांचा मृत्यूचा दाखला चिवडला. मी सांगितलं, दाखला आहे, चाटण नाही. हसला मेला. मुलाची हरकत नाही अशी सही आणा म्हणाला.

७ मार्च
मुलाने वाचलंसुद्धा नाही. एका हातात चहा, दुसऱ्याने सही. घाबरलाच असणार.

१९ मार्च
झालं! गाडीच्या पुस्तकात माझं नाव. टकल्याने जाताना शहाणपणा शिकवला, की आजी, विमा अजून आजोबांच्या नावावर आहे, तो आपोआप बदलत नाही, विमा कंपनीत जाऊन वेगळा करून घ्या. मी काय आज जन्मले? गाडी आली की विमा तिच्यामागून येतो, गाईमागे वासरू येतं तसा. ह्यांच्या भावाचा डोळा आहेच गाडीवर, त्याचाच माणूस बसला असेल तिथे.
रात्री सूनही तेच म्हणाली. जिला ब्लाऊजची बाही धड बसवता येत नाही, ती मला विमा सांगणार. मुलगा म्हणाला विमा होईपर्यंत गाडी काढू नकोस. कळतं मला. म्हातारी घरात सडलेली बरी.

२२ मार्च
पलीकडच्या गल्लीतला ड्रायव्हर बोलावला. अंगाला बोकडासारखा वास. काचा चारही उघड्या ठेवायला लावल्या. मागे घेताना त्याला दिसेना, म्हणून मीच उतरून येऊ दे, येऊ दे केलं. त्याने येऊ दिली. डिकी थेट खांबावर. दोष खांबाचा, वाकडा उभा आहे. ड्रायव्हर म्हणतो आजी, तुम्हीच बोलावलंत. तोंड वर करून बोलतो!
काळजी नाही. विमा कशाला आहे?

२४ मार्च
विमा कंपनी. साहेब कालचं पोर, सेंट इतका फवारलेला की मळमळलं. म्हणाला गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी आजोबांच्या नावावर, तुमच्या गाडीचं नुकसान आम्ही कसं देणार. मी म्हटलं, मला नका देऊ, ह्यांना द्या.
"कुठे आहेत ते?"
"देवाघरी."
"मग क्लेमवर सही कोण करणार, आजी?"
टेबल चिकट होतं, तरी हात आपटला. वरच्या साहेबाला भेटायचं ठरवलंय. तो ऐकेल.

२७ मार्च
वरचा साहेबही तसलाच. नाकात बोट घालून ऐकत होता.

२ एप्रिल
गठ्ठे रिक्षाने जातायत. दोन गिऱ्हाइकं तुटली म्हणे. आता येतील चावी मागायला. मी समोरच्या खोलीतच बसते, शोधायला नको.

९ एप्रिल
नाही आले. हट्टी आहेत. बापावर गेलाय.

१५ एप्रिल
सुनेने जुनी व्हॅन घेतली. गाडीचं नाव आणि विमा एकाच दिवशी बदलून घेतला, टकल्याकडूनच समजून घेतलं म्हणे. रंग बघवत नाही. पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. आठवडाभरात बंद पडेल, मग कळेल.

१६ एप्रिल, सकाळी
मुलगा दारात. "आई, चावी दे."
मी मुद्दाम हळूहळू सोडली कमरेची. म्हटलं, आधीच मागितली असतीस तर. कुठे जायचंय, मीपण येते, आणि जाऊन मागे बसले. सीट चक्क रिकामी होती. फुटक्या डिकीतून वारा येत होता.
कुठे जायचं नव्हतं. आमची गाडी फाटकात आडवी होती, व्हॅन निघत नव्हती. त्याने गियर काढला, नवराबायकोंनी मिळून ढकलली. भिंतीला लावली. मी आतच होते.
चावी लगेच आणून दिली.