हलगी, तिच्या दोन काठ्या आणि चालण्याची खोली

मी, डॉ. आक्काताई पिराजी कुरणे, वय ६५, निवृत्त प्राध्यापिका (मानसशास्त्र), मूळ गाव गडमुडशिंगी, हल्ली राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लावायची ते पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणून दाखवील असा माणूस कोल्हापुरात अजून भेटायचा आहे. नावाआधीचे ‘डॉ.’ कुठेही गाळू नये. ते मला चौसष्टाव्या वर्षी मिळाले आहे.

कलम १. राजारामपुरीतील तळमजल्यावरचा माझा स्वकष्टार्जित फ्लॅट मी थोरले बंधू भाऊसो यांची नात दीक्षा हिला देत आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे. अट एकच. पुढची मोठी खोली रिकामी राहील. तिथे सोफा, शोकेस, टीव्ही काहीही येणार नाही. ती पेशंटांची चालण्याची खोली आहे. आवाज होतो म्हणून सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी मला नोटिसा दिल्या होत्या. पुढे त्यांच्याच मातोश्री याच खोलीत पुन्हा चालू लागल्या. त्या नोटिसा मी जपून ठेवल्या आहेत, त्या साहेबांना सन्मानाने परत कराव्यात.

कलम २. हलगी. ती माझ्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय मला ती देता येणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, “एवढं सगळं कशाला, मॅडम?” मी म्हटले, “मृत्युपत्र माझं हाय का तुमचं?”

आमचे वडील पिराजी गावात हलगी वाजवीत. लग्न असो, मयत असो, हुकूम आला की मानकऱ्यांच्या दारात, उंबऱ्याबाहेर, उन्हात उभे राहून वाजवायची. भाऊसोदादाही पोरवयापासून त्यांच्या शेजारी उभा असे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि गावकीची असली कामे टाकली. दादा हलगी चुलीत घालायलाच निघाला होता. बाबांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि माळ्यावर ठेवली. दादा म्हणाला, “ही परत वाजली तर मी ह्या घरात न्हाय.” ती वाजली नाही. दादा एसटीच्या वर्कशॉपात फिटर झाला आणि त्याच पगारात त्याने मला शिकवले. वडील काय करायचे असे कोणी विचारले की तो ‘शेतमजुरी’ एवढेच सांगे. मी त्याला बोल लावत नाही. उंबऱ्याबाहेर तो उभा राहिला होता, मी नव्हे.

१९९२ साली मी संगीतोपचारावर पीएच.डी.ला नाव नोंदवले. या विषयाची तेव्हा भलती हवा होती. जिकडे बघावे तिकडे तक्ते: हा राग रक्तदाबाला, तो मधुमेहाला, तिसरा निद्रानाशाला. कॅसेटी खपत होत्या, परिसंवाद भरत होते, आणि रोग्याला काय आवडते हे विचारायची कोणाला गरज वाटत नव्हती. माझ्या मार्गदर्शक सरांचाही असा एक रंगीत तक्ता होता. मी इमानेइतबारे वॉर्डातल्या लकव्याच्या पेशंटांना सकाळ-संध्याकाळ त्यातले राग ऐकवले. त्यांना झोप छान लागली. पाय मात्र कोणाचा हलला नाही.

मग एके दिवशी खालच्या रस्त्याने कुस्तीच्या मैदानाकडे मिरवणूक निघाली. हलगी कडाडली, आणि खाटेवरच्या आकाराम चौगलेंचा अधू पाय चादरीखाली ठेका धरू लागला. हे आकाराम आमच्याच गावचे. ज्या दारांत बाबा उभे राहत, त्यांतले एक दार यांचे.

मी सरांना म्हटले, राग राहू द्या, ताल बघू. हलगीवर एक आख्खे प्रकरण लिहून दिले. सरांनी शेरा मारला: ‘विषय संगीत आहे, गोंगाट नव्हे.’ प्रबंध परत आला. घरी दादाला सांगायला गेले, तर तो वेगळाच भडकला. “आमी जी टाकली ती तू कॉलेजात न्हेऊन वाजीवतीस व्हय? लाज कशी वाटत न्हाय?” सरांचा शेरा मी झटकून टाकला असता. दादाचे बोलणे जिव्हारी लागले. मी प्रबंध गुंडाळून ठेवला आणि निवृत्तीपर्यंत मुकाट्याने शिकवत राहिले.

२००१ साली दादाच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. मी त्याला राजारामपुरीत माझ्याकडे आणले. वर्षभराने काठी धरून उभा राहू लागला, पण पाऊल काही उचलेना. विषयाची हवा तोवर फिरली होती. तक्ते मागे पडले. तुलनेला दुसरा गट ठेवा, मोजमाप दाखवा, मग बोला, असे दिवस आले. ऐकलेला ठेका मेंदूत शिरून पायापर्यंत कसा पोचतो, यावर परदेशी नियतकालिकांत लेखामागून लेख येत होते. दीक्षा तेव्हा कॉलेजात होती. त्यातला एक घेऊन ती धावत आली. “आज्जी, ठेक्यावर चालणं! हे तुझंच हाय की गं, गोंगाटाचं!” मी हमसून हमसून रडले. आनंदानेच.

तिने दादासाठी टिकटिक करणारे यंत्र आणले. दादा म्हणाला, “घड्याळाच्या मागनं मी चालणार न्हाय.” आठवडेच्या आठवडे तो भिंतीकडे तोंड करून बसला. एका सकाळी आपणहून बोलला, “आक्के, माळ्यावर हाय का गं ती अजून?” ती मी केव्हाच गावाहून आणली होती आणि नवे कातडे चढवून घेतले होते. कातडे ताणून आवाज खुलावा म्हणून दीक्षाने ती गॅसवर शेकली. ठेका दादानेच डाव्या हाताने मांडीवर वाजवून दाखवला; इतक्या वर्षांत तो कणभर विसरला नव्हता. मग म्हणाला, “कुणाच्या दारात न्हाय, कुणाच्या हुकमानं न्हाय. माझ्या पायासाठी वाजीव.” तिने वाजवली, आणि त्याने पाऊल उचलले. स्वयंपाकघरातून थेट पुढच्या दारापर्यंत आला आणि चौकट धरून ओरडला, “बाबा, आलो बगा!”

त्या पुढच्या खोलीत माझा प्रबंध पुन्हा उभा राहिला: नवे मार्गदर्शक, तुलनेचा गट, सगळे रीतसर. पेशंटांतल्या कबनूरच्या यंत्रमाग कामगारांना तर हलगीपेक्षा मागाचा खटखटाट मानवला. ज्या ठेक्यात माणसाचे आयुष्य गेले त्यावर त्याचा पाय उठतो, एवढेच माझे म्हणणे होते आणि ते मी सिद्ध केले. २००५ साली पदवी मिळाली. जुन्या सरांचा फोन आला, “पुढचा लेख आपण दोघांच्या नावे काढू या.” मी म्हटले, “सर, गोंगाटावर तुमचं नाव कशाला?” आहाहा! इतके गोड वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललेले नाही.

तर ही हलगी, एक जाड आणि एक बारीक अशा दोन काठ्यांसह, दीक्षाला. तिला हार घालायचा नाही, काचेच्या कपाटात ठेवायची नाही. वाजवायची.

कलम ३. मागांचे आवाज भरलेल्या कॅसेटी, टेपरेकॉर्डर आणि बँकेतील माझी सर्व ठेव यांतून कबनूरला अशीच एक चालण्याची खोली व्हावी. व्यवस्था दीक्षाने पाहावी.

कलम ४. जुन्या मार्गदर्शक सरांना त्यांचा रंगीत तक्ता, माझ्या खर्चाने फ्रेम करून. हल्ली त्यांना झोप येत नाही असे ऐकते. त्यावरचा राग तक्त्यात दिलेला आहे.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावे, रडारड आवरती घ्यावी, आणि दीक्षाने पुढे हलगी वाजवावी. दुसऱ्यांच्या मयतीत ती फार वाजली.

कलम ६. दादाला मी काहीही देत नाही. तो पहिला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने घेऊ नये असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. दुसरे साक्षीदार आकाराम, चादरीखाली ज्यांचा पाय हलला तेच. वकीलसाहेब म्हणतात, निबंधक कचेरी वरच्या मजल्यावर आहे, धडधाकट माणसे बघा. मी बघणार नाही. दादा आजारपणानंतर जिना चढलेला नाही, आणि घरात हलगी वाजली ती वेगळी. चारचौघांत तो वाजू देईल का, मला ठाऊक नाही. त्याने नाही म्हटले तर कलम २ आणि ५ मी स्वतःच्या हाताने खोडीन. त्याच्या मनाविरुद्ध ही हलगी कोणाच्याही हाती जाणार नाही.

निबंधक कचेरीच्या बाकावर बसून जोडलेला मजकूर:

जिन्यापाशी वकीलसाहेबांनी खुर्ची मागवली, दादाला उचलून न्यायला. दादाने वर पाहिले, मग दीक्षाकडे पाहिले. “खुर्ची नगं. शेकून आण जा.” खालच्या चहाच्या गाड्यावर हलगी शेकली. पहिला ठेका पडला तशी सगळी कचेरी जिन्याच्या तोंडाशी जमली. शिपाई ओरडला, “ओ, हापीस हाय हे!” मागून चढणारे आकाराम म्हणाले, “पावणं, बाजूला व्हा. आमचा ठेका चुकंल.” दोघे चढले. पुढे दादा, मागे आकाराम.

वर कारकुनाने दादाला नाव, वय, धंदा विचारला. दादाने सगळे सांगितले आणि म्हणाला, “वडलांच्या नावाम्होरं पण धंदा लिवा.” कारकून म्हणाला, तसा रकाना नाही. दादाने पेन मागून घेतले आणि डाव्या हाताने, सावकाश, स्वतःच लिहिले. कलम २ आणि ५ कायम.

लिहून ठेवणार: (सही) डॉ. आक्काताई पिराजी कुरणे

साक्षीदार:

१. (सही, डाव्या हाताची) भाऊसो पिराजी कुरणे, वय ६८, निवृत्त फिटर. वडील पिराजी, हलगीवाले.

२. (सही) आकाराम चौगले, वय ७१, शेती व दूधधंदा, गडमुडशिंगी.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १६ ऑक्टोबर २००६