प्लेअरमधले आप्पा

२ जून २००६
आप्पांना 'अननोन आर्टिस्ट' म्हणतंय! तीस वर्षं कुस्तीच्या मैदानात माईकवर बोललेला माणूस. शिरोळपासून वारणानगरपर्यंत नुसत्या आवाजावर ओळखतात. आणि हे दीडदमडीचं सॉफ्टवेअर म्हणतंय, अननोन! नाव मराठीत टाकलं तर नुसते चौकोन. इंग्रजीत टाकलं तर घेतं, पण त्यांच्या कॉमेंट्रीच्या सात कॅसेटींतली पहिलीच भरली, तर तिचे तीन अल्बम करून ठेवलेत. कुठनं आले तीन?
काकांच्या अतुलनं पुण्याहून स्वतःचा गाणी ऐकायचा जुना प्लेअर पाठवलाय. "सोपंय गं प्रीती, आपोआप होतं सगळं." आपोआप म्हणे. डोंबल!
१९ तारखेला मिरजेत ऑपरेशन. गाठ काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागणार. म्हणजे आप्पा परत बोलणार नाहीत. त्याआधी सगळं कॉम्प्युटरवरनं प्लेअरमध्ये भरून झालं पाहिजे.

९ जून
टेपला वायर लावून भरायचं म्हणजे तासाला तासच लागतो. डीटीपीच्या दुकानातनं लवकर येते आणि बसते. आज ऐकून बघितलं तर निकाल आधी, कुस्ती मागनं! बी बाजू वर नेऊन ठेवलीय त्यानं. नीट लावलं, बंद करून उघडलं — परत तेच. रडायला आलं मला.

१४ जून
झालं एकदाचं. सातही कॅसेटी. हेडफोन आप्पांच्या कानाला लावला. "पावणं, खाली बसा! मागच्यांनी काय तुमची पाठ बघायची व्हय?" — काय आवाज होता! आता घोगरा झालाय, शब्द निम्मेच येतात. म्हणाले, "लई बडबडलोय की गं मी."
तालमीतला कृष्णात कॅसेटी मागायला आला. देऊन टाकल्या. आता कॅसेटींना कोण विचारतंय!

१९ जून
ऑपरेशन झालं. आप्पा वाचले. आवाज गेला.

१६ जुलै
आप्पा घरी. गळ्याला भोक. काय हवं ते पाटीवर लिहितात. बघायला माणसांची रीघ लागलीय. मी प्लेअरला छोटे स्पीकर लावून ठेवलेत, येईल त्याला ऐकवते. आज चौघे पैलवान तासभर बसले. "घिस्सा आला, घिस्सा! संपली कुस्ती!" ऐकून टाळ्या! घरात केवढं बरं वाटलं.

११ सप्टेंबर
कॉम्प्युटरला व्हायरस. मेकॅनिक आला, सगळं पुसून नवं टाकलं आणि मग विचारतो, "बॅकअप घेतलाय न्हवं?" आता विचारतोस व्हय बाबा!
म्हटलं, असू दे, प्लेअरमध्ये आहे की. लावला. तर पडद्यावर सूचना आली — हा प्लेअर दुसऱ्या लायब्ररीचा आहे, यातलं सगळं पुसून नवं भरू का? यस किंवा कॅन्सल. नवं काय भरणार? कॉम्प्युटरमधली लायब्ररी तर रिकामी! कॅन्सल केलं.
अतुलला फोन केला. म्हणाला, "आत जातं, बाहेर येत नाही. गाण्यांची चोरी होऊ नये म्हणून तसं केलंय."
माझ्या बापाचा आवाज मी चोरणार?

१२ सप्टेंबर
कॅसेटी परत मागायला तालमीत गेले. कृष्णात म्हणाला, "त्या व्हय? गणपतीच्या मिरवणुकीला बेंजोची गाणी भरली की त्यावर. आप्पांचं तुमच्याकडं हाय म्हणालीस की तू!"
म्हणालेच होते मी. कुणाला शिव्या घालू?

३० सप्टेंबर
प्लेअरच्या हेडफोनला वायर लावून परत भरायला बघितलं, पण मेकॅनिकनं नवं टाकल्यापासून कॉम्प्युटर बाहेरचा आवाजच घेत नाही. चार्जिंग कॉम्प्युटरच्या वायरीनंच होतं. दुसरी सोय नाही. म्हणजे दर तीन-चार दिवसांनी लावायचं, तीच सूचना येणार, आणि दर वेळी जीव मुठीत धरून कॅन्सल. आईला आणि आप्पांना समोर बसवून दाखवलं. यसवर बोट ठेवून सांगितलं, हे दाबलं की संपलं. आई म्हणाली, "मी त्या यंत्राच्या वाऱ्यालाबी उभी ऱ्हाणार न्हाय." आप्पांनी मान हलवली.

२२ ऑक्टोबर
पाडवा. गुंडू पैलवान शिरोळहून आले. आप्पांना दोन शब्द विचारले — बरं हाय का, जेवण जातंय का — आणि लगेच, "लाव की गं पोरी ते!" दीड तास ऐकलं. हसून हसून डोळ्यांत पाणी. आप्पा मधेच उठून परसात गेले. बसून दुखत असेल.

८ नोव्हेंबर
अतुलला आतलं बाहेर काढणारं दुसरं सॉफ्टवेअर सापडलं! रविवारी सीडी घेऊन येतोय. जेवताना सगळ्यांना सांगितलं — आता आप्पांचा आवाज कायमचा राहणार, सीड्या काढून गावोगाव वाटू. आईनं साखर ठेवली देवापुढं. दोन महिन्यांनी मला धड भूक लागली.

१० नोव्हेंबर
गेलं.
दुकानातनं आले तर प्लेअर कॉम्प्युटरला लावलेला. शून्य गाणी. परत परत बघितलं. शून्य.
आईवर ओरडले. "मी न्हाय बाई हात लावला," म्हणत राहिली. मग कुणी लावला? आपोआप झालं? असेल, या भिकारड्याचं सगळं आपोआपच होतं! नको नको ते बोलले तिला. आई न जेवता पडून आहे. आप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

१२ नोव्हेंबर
अतुल आला, प्लेअर घेऊन पुण्याला गेला. तिथं पुसलेलं परत काढणारा एक जण आहे म्हणे. "आशा धरू नको." नाही धरत.

२५ नोव्हेंबर
आप्पांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. पंधरा दिवसांतच! आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

३ डिसेंबर
अतुलचा फोन. सात तासांतला एक तास परत मिळाला! धावत आप्पांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाटी पुढं ओढली. लिहिलं — "मीच दाबलं यस. माणसं मला बघाय यायची आन् त्या प्लेअरमधल्याला ऐकून जायची. परत आणू नको."
आईला दाखवलं. अतुलला अजून काही कळवलेलं नाही.