होडीच्या नाकावरची मोटर

आबा,

मी गुडघाभर पाण्यात उभी आहे. मोटर छातीशी धरली आहे. उजव्या हातानं क्लॅम्पचा स्क्रू आवळते आहे, आणि माय होडीत बसून माझ्या डोक्यावर ओरडते आहे.

"अगं, आवळ की! दुधाचं पातेलं धरल्यावानी काय धरून राहिलीस?"

हे दुपारचं. आता ऊन उतरलंय आणि मी काठावर मासळीच्या क्रेटवर बसून लिहिते आहे. हात ओले आहेत, कागदावर डाग पडताहेत. पडू देत. होडी चालली, आबा! वल्ह्याशिवाय चालली, आवाज न करता चालली! हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही गेलात आणि मायनं वल्हं हातात घेतलं. तोवर ते तिच्या हातात कधी आलंच नव्हतं. तुम्ही मागच्या फळीवर वल्हं घेऊन, ती पुढे जाळ्यापाशी. सगळा जन्म असाच गेला तुमचा. एकदा तरी तिला म्हणायचं होतंत ना, ये, इकडे बस, मार चार हात. तिला सवय नव्हती. तिनं रागानं वल्हवलं, खांद्यानं वल्हवलं. उन्हाळ्यात एक दिवस खांदा जो गेला तो गेलाच. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाळं हलक्या हातानं ओढा हवं तर, वल्हं मात्र आता नाही. आणि मला वल्हवायला तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

आपल्या पाण्याचा कायदा तुम्हाला काय सांगायचा! विष्णुपुरीच्या धरणात ज्याची त्याची जाळ्याची जागा ठरलेली. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडतही कुणी नाही. पावसानंतर नव्या पाण्यात दसऱ्याच्या आत घरच्या माणसानं स्वतः जाळं टाकायचं. मजुराचा हात चालत नाही. ज्याचं पडलं नाही, त्याची जागा शेजाऱ्याची.

आणि उद्या दसरा आहे.

शेजारी कोण, तेही तुम्हाला माहीत आहे. तुमचे दोस्त गंगाधरकाका. वाईट माणूस नाही. पोळ्याला घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, सरळ माझ्या नावावर करा की जागा. रोजची मासळी पोचवतो तुमच्या दारात."

माय म्हणाली, "मासळी खायाची असती तर बाजारात मिळती, भाऊजी."

मी लातूरहून फोनवर तेच म्हणत होते, जरा वेगळ्या शब्दांत. होडी विकून टाक. माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत, कॉलेज जवळ आहे, संध्याकाळी आपण बोलत बसू. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "तुझ्या लातुरात पाणी किती दिसाआड येतं गं?" आणि फोन ठेवायची.

मग गणपतीच्या सुट्टीत मी तिला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. बॅटरीवर चालणारी मोटर. होडीच्या कडेला अडकवायची, दांडा पाण्यात, दांड्याच्या टोकाला पंखा, वर हँडल. चित्रात टोपी घातलेला एक गोरा माणूस होडीच्या मागच्या टोकाला बसला होता.

मायनं चित्र जवळ घेऊन पाहिलं. "ह्याचं जाळं कुठाय?"

"तो गळानं धरतो, माय. आणि धरलेला मासा परत सोडून देतो."

"सोडून देतो? मग खातो काय घरी?"

पण तिनं मोबाइल परत दिला नाही. बोटानं चित्र पुढे सरकवत राहिली. तेव्हाच मला कळलं की आता मोटर येणार.

तुम्हाला इंजिन का नको होतं ते मला आठवतं. इंजिन विकणारे एकदा गाडीतून डिझेलचं इंजिन दाखवायला आले होते. त्यांनी ते काठावर चालू केलं, पलीकडचे बगळे उडाले, आणि तुम्ही म्हणालात, मासा काय बहिरा आहे का? हे वेगळं आहे, आबा. हिच्या पंख्याची नुसती कुजबुज येते. तुम्ही असतात तर घेतली असती ना? खरं सांगा. की तेव्हाही काही दुसरं खुसपट काढलं असतं?

निवडायला मात्र घाम निघाला. सलीमभाईंचं नांदेडचं बॅटरीचं दुकान आठवतं? मोटरा त्यांच्याकडेच मागवता येतात. मायला घेऊन गेले, कागदावर प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी कागद पाहिलाही नाही.

"आपा, पैले ये बोलो, पानी में कचरा कित्ता है?"

जलपर्णी, म्हटलं. काठाला तर गादीच असते.

"फिर तीन पात्याचा पंखा नक्को. दो पातीवाला लो. मुळ्या कम अटकते."

मग ताकद. ही ताकद घोड्यांत मोजत नाहीत, मोटर किती रेटा देते ते पाहतात. मायला सगळ्यात मोठी हवी होती.

"धरणाचं पाणी हाय, नाला न्हाई. मोठी घे."

"माय, आपली होडी केवढी? मोठी मोटर बॅटरी जास्त खाते."

"खाऊ दे. तिला काय भाकरी थापायच्यात?"

"आणि मधेच पोट रिकामं झालं म्हणजे? तिथं खांद्यानं परत येशील?"

तिचा हात खांद्यावर गेला. सलीमभाई काउंटर पुसत राहिले. मग ती म्हणाली, "मधली दाखवा."

खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सलीमभाईंनी विचारलं, होडीचं मागचं टोक पाण्यापासून किती उंच? दांड्याची लांबी त्यावर ठरते. आखूड घेतला तर पंखा पाण्यावर फडफडतो, लांब घेतला तर उथळात गाळ खणतो. मी माप सांगायला लागले. माय म्हणाली, "मागं कशाला? मागं न्हाई लावायची."

"मोटर मागेच असते, माय."

"जाळं पुढून ओढायचं आन् हँडल मागं? मी काय माकड हाय का, होडीत उड्या मारायला?"

"मग जाळं मागून ओढ."

"मागं त्ये बसायचे."

"आता कोण बसतंय तिथं?"

"कुणी न्हाई. म्हणूनच."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते इन्व्हर्टरचं पत्रक वाचायला लागलं. मला राग आला होता. थोडा तिचा, थोडा तुमचा. केवढी जागा अडवून बसला आहात तुम्ही! पण बसमध्ये तिच्या शेजारी बसून मी मोबाइलवर शोधत राहिले. पुढे मोटर लावलेल्या होड्या निघाल्या. कितीतरी! एकानं लिहिलं होतं, मागून ढकललेली होडी वाऱ्यात शेपूट फिरवते, पुढून ओढलेली सरळ जाते. मी मायला वाचून दाखवलं.

"बैल कुठं जुंपत्यात?" ती म्हणाली. "गाडीच्या मागं?"

आणि खिडकीबाहेर बघत हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आबा.

दुसऱ्या दिवशी मापं घेतली. तिला होडीत पुढे बसवलं, मी पाण्यात उभी राहिले. ती एकटी बसली आणि नाक पाण्यात घुसलं, मागची बाजू वर उठली. तुमचं वजन नव्हतं ना. खांदा जाईपर्यंत ती अशीच जात होती, आणि समोरून पाणी आत येतं म्हणून दगड ठेवत होती मागे. एक धोंडा, कधी दोन. मला कधी बोलली नाही.

धोंडा बघून मी सलीमभाईंना तिथूनच फोन लावला. ते आम्हाला नव्या जातीची हलकी बॅटरी देणार होते. एका हातानं उचलता येते, बाईमाणसाला बरी, म्हणाले होते. मी म्हटलं, हलकी नको. जड द्या. जुन्या पद्धतीचीच, पण बंद तोंडाची, कलंडली तरी आम्ल सांडणार नाही अशी. आणि मागून पुढपर्यंत पोचेल एवढी वायर.

"आपा, लंबी वायर पतली रही तो गरम होती. जाडी लेना पडती. और बीच में फ्यूज."

जाडी घेतली. फ्यूज घेतला. बॅटरी तुमच्या फळीवर पट्ट्यानं आवळून बसवली आणि मायला म्हटलं, बस आता पुढे. होडी सपाट झाली. पाण्यावर ताट ठेवावं तशी.

मायनं मागे वळून पाहिलं. म्हणाली, "तेवढीच भरली की गं."

मी पट्टा आणखी एक भोक आवळला.

आज सकाळी नाकावर बाभळीची फळी बोल्टनं बसवली, दुपारी मोटर. आणि मग तमाशा झाला! गंगाधरकाका मुद्दाम आपली होडी जवळ घेऊन बघायला थांबले होते.

"वैनी, हे काय मिक्सर लावून राहिल्या का होडीला? चटणी वाटायची का माशांची?"

"बाजूला व्हा, भाऊजी. लागंल."

"मला काय लागतंय! आवाज बी न्हाई हिला, चालू तर हाय का?"

माय ताठ बसली. पदर खोचला. मी सांगितल्याप्रमाणे तिनं हँडल पुढच्या आकड्यावर फिरवलं. आणि होडी निघाली की मागे! सरळ मागे, सगळ्या जोरानं, आणि तिचा मागचा काठ धाडकन गंगाधरकाकांच्या होडीवर! काका बसल्या जागी आडवे झाले.

"वैनी! ही तर घराकडं निघाली!"

"बंद कर! बंद कर गं!" माय ओरडते आहे, मी पाण्यात पळते आहे, काका हसून हसून उठेनात. "कॉलेजात पोरायला हेच शिकवती का गं तू?" मायचा मला प्रश्न. मी मराठी शिकवते, हे तिला चांगलं माहीत आहे.

चूक साधी होती. मोटर मागे लावायची म्हणून बनवलेली. ती पुढे लावली की हँडल उलट्या बाजूला येतं, आणि तिचं पुढे ते आपलं मागे. दांड्याचा एक स्क्रू सैल करून वरची मुंडी अर्धी फिरवायची, बस. ते सगळं वाचलं होतं मी. वाचलं, आणि घाईत विसरले. तुम्ही म्हणायचात तसं, गाठ मारली पण दोर कुठंय?

मुंडी फिरवली. माय पुन्हा बसली. या वेळी तिनं हँडलला हात लावण्याआधी पाण्याला लावला, मग कपाळाला.

होडी पुढे गेली, आबा.

नुसती पुढे गेली. ढवळाढवळ नाही, धक्का नाही. जलपर्णीची गादी कापत नाक सरळ मोकळ्या पाण्याकडे. गंगाधरकाका हसायचे थांबले. मी काठावरून पाहत होते, आणि मला ओरडायचं होतं, पण तुम्ही शिकवलंय ना, जाळ्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तोंडावर हात ठेवून उभी राहिले. नाचत होते खरं तर! चिखलात, या वयात!

आपल्या जागेपाशी तिनं मोटर बंद केली, दांडा वर उचलला, जाळं पंख्यात जाऊ नये म्हणून. हे मी तिला सांगायचं विसरले होते. तिनं विचारलं नाही, बघूनच उचलला. मग जाळं सोडायला लागली. डाव्या हातानं, सावकाश. जाळं तरंगवणारा एकेक भोपळा पाण्यावर पडत गेला.

गंगाधरकाका होडी काठाला लावून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खिशातून बिडी काढून बोटांत धरली.

"पडलं," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत पडलं." आणि बिडी न पेटवताच निघून गेले. त्यांना जागा हवी होती. त्यांचंही चुकलं नाही. पण मला आज त्यांच्यासाठी वाईट वाटून घेता येत नाही. नंतर वाटून घेईन.

ती परत आली तेव्हा खांद्याला हात लावत नव्हती. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "कशानं दुखंल? मी तर बसूनच होते." मग मोटर काढून पदरानं पुसली, तान्ह्या लेकराला पुसावं तशी, आणि बॅटरी घरी न्यायला मला उचलायला लावली. जड घे म्हणणारी मीच. भोगते आहे!

उद्या पहाटे जाळं ओढायला मीही तिच्याबरोबर जाणार आहे. खांद्याचा भरवसा नाही अजून. मागे बॅटरीशेजारी बसेन, तिची हरकत नसेल तर.

आबा, एक शब्द देते. लातूरला ये, हे मी तिला आता म्हणणार नाही. फोनवर नाही, सणावाराला नाही, तिला ताप आला तरी नाही. ताप आला तर मी येईन. तिनं पाणी सोडावं असं मला पुन्हा वाटलं, तर ते माझ्यापाशी ठेवीन. तुम्ही साक्षीला राहा.

तुमची,
रेखा

दसरा, सकाळ.

आबा, माय मला न उठवताच गेली; बॅटरी गंगाधरकाकांकडून उचलून घेतली. मी काठावर पोचले तेव्हा तिचं जाळं ओढून झालं होतं आणि ती परत येत होती. दोन मरळ, एक कटला, बाकी चिलापी. होडी काठाला लागल्यावर तिनं विचारलं, "तुझी लातूरची गाडी किती वाजता हाय?"