विहित मुदतीत एकही हरकत नाही

अण्णा,

आज कार्यालयात शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन माझा यथोचित सत्कार करण्यात आला. एका पर्यटन कंपनीच्या यात्रागाडीचा आपल्या रुळांच्या वापराबाबत करार आहे. त्यातील वेळ बदलण्याच्या प्रस्तावावर अस्मादिकांनी जे टिपण रचले, त्यावर मान्यता देणाऱ्या प्राधिकरणाने एकही शंका न काढता संमतीची मोहोर उठवली. असे पूर्वी घडले नव्हते म्हणे. साहेबांनी भाषणात माझी लेखणी निर्दोष असल्याचे सांगितले. मी नम्रतेने मान लववली. मानेला आता ती सवय झाली आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षे उलटली, त्यामुळे या सोहळ्यास तुम्ही उपस्थित नव्हतात, हे उभयतांच्या हिताचेच झाले.

तुमच्या काळी व्यवहार सरळ होता. रूळ सरकारचे, गाड्याही सरकारच्या, आणि कोणती गाडी कुठल्या मिनिटाला कुठे असावी हे तुमच्या पेन्सिलीने ठरायचे. आता काही गाड्या परक्यांच्या असतात. त्यांचे प्रत्येक मिनिट करारात लिहिलेले असते आणि ते हलवायचे तर प्राधिकरणाची अनुमती लागते. तत्पूर्वी ज्यांचे नुकसान होईल त्यांच्या हरकती मागवाव्या लागतात. या कंपनीच्या यात्रेकरूंना नाशिकरोडला थोडे लवकर उतरून त्र्यंबकेश्वरच्या पूजेची वेळ गाठायची होती. त्यांच्या वातानुकूलित भक्तीच्या पुढे आपली सकाळची पॅसेंजर रखडत चालते. तिने द्राक्षबागांमधल्या एका थांब्यावर उभे राहणे सोडले, तर तीन मिनिटे मोकळी होत होती. ती तीन मिनिटे मी मोकळी करून दिली.

रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात तो चार हात लांबीचा वेळापत्रकाचा तक्ता पसरायचात, कारण घरात तेवढी सपाट जमीन दुसरीकडे नव्हती. तिरक्या रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. आई लाटणे हातात घेऊन उभी असते. "जेवायच्या जागेत मालगाड्या आणता, मी पोळ्या कुठं लाटू?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "पोळ्या जरा वेळ बाजूला, लूप लाइनला घे." ती म्हणते, "मग भूकही तिकडंच उभी करा." आणि तक्ता निमूटपणे गुंडाळला जातो. कार्यालयात ज्यांच्या शब्दावर गाड्या थांबत, त्यांचा घरातला अधिकार इतपतच होता.

तुमच्या सेवेचे शेवटचे वर्ष आणि माझे पहिले एकाच इमारतीत गेले. हाच थांबा मी तेव्हाही तक्त्यावर खोडला होता. त्याच्याविना गाडीची रेघ कागदावर फार सुबक दिसत होती. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलेत, "तिथं उतरला आहेस कधी?" मी नाही म्हणालो. "मग उद्या उतर. गाडीत जो जो चढेल त्याला विचार, कुठं चाललास, आणि ही नसती तर कसा गेला असतास." तुमची पद्धत तीच होती: पाय लागल्याशिवाय थांबा पुसायचा नाही. मी अपमान गिळून गेलो. दूधवाले, शाळेच्या बाई, कोर्टाची तारीख असलेले एक म्हातारे, अशी माणसे विचारून परतलो. तुम्ही माझ्यापुढे खोडरबर ठेवलात आणि म्हणालात, "आता पूस बघू." मला पुसता आले नाही. त्याचा राग मी तुमच्यावर कितीतरी वर्षे धरला.

या खेपेस मी गेलो नाही. हरकतींची सूचना शुद्ध इंग्रजीत, विहित आकारात, नाशिकरोडच्या फलकावर विधिवत लावण्यात आली. ज्या थांब्याचे मरण त्या सूचनेत होते, तिथे ती लावली नाही. तिथे फलकच नाही, आणि नसलेल्या फलकावर सूचना लावण्याची तरतूद नियमात नाही. त्या थांब्यावर कमिशनवर तिकिटे विकणाऱ्या एजंटाला ही वार्ता एका गार्डाने अगदी शेवटच्या दिवशी सांगितली. तो अर्ज घेऊन धावत आला. पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या खिशात दवाखान्याचा कागद.

"साहेब, बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नाशिकला नेतो. सातचा नंबर हाय तिचा. या गाडीबिगर त्या टायमाला काय नाय आमच्याकडं."

मी म्हणालो, "एखादे वाहन बघता येईल."

"कांद्याचा टेम्पो हाय ना. गाडी चुकली तर मागं बसवून नेतो मी, पण उतरताना तिच्यात जीव राहत नाय, साहेब." मग तो एकदम हसला. "तुम्ही अण्णांचे चिरंजीव ना? अब्बांच्या टपरीवर चहा प्यायचे अण्णा. अब्बा सांगायचे, गाडीचा टाइम बदलायचा तर हा माणूस आधी इथं येतो. म्हणून म्हटलं, आपलं काम होणार."

अर्जाची आवक नोंद माझ्या सहीने पाच वाजून दहा मिनिटांनी झाली. स्वीकाराची मर्यादा पाच. त्यामुळे त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडली, तो मुदतबाह्य ठरला, आणि टिपणात मी लिहिले की विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. अण्णा, हे वाक्य अक्षरशः सत्य आहे. मी ते तपासून पाहिले.

आज सत्कार आटोपून खाली उतरलो, तर जिन्याशी तो उभा. पत्नीला टेम्पोने नेतो. दोनदा नंबर हुकला. पायांना सूज चढली आहे. आता दवाखान्यात दुपारची वेळ मिळते का ते पाहायला आला होता. वाटेवर आमचे कार्यालय म्हणून आत डोकावला. माझ्या खांद्यावरची शाल पाहून त्याने मुबारक म्हटले. मग विचारले, "साहेब, माझा अर्ज वर पोचला होता ना?"

"पोचला होता," मी म्हणालो.

"मग वरच्यांनीच नाय म्हटलं." त्याने मान हलवली. "तुमच्याकडून झालं तेवढं केलं तुम्ही. अण्णांचं घराणं हाय."

मी नमस्कार केला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही, कारण सोडवण्यासाठी काहीतरी बोलावे लागले असते.

हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या तसबिरीमागे? तिथे तुमची सून धूळ पुसते. तिच्या हाती लागेल. म्हणून ते माझ्यापाशीच राहील, आणि त्यात एवढे नमूद असू द्या की तो पावणेपाचला आला होता. शिपायाने आत येऊन सांगितले, तेव्हा मी रिकामाच बसलो होतो. म्हणालो, बाकावर बसव, मी बैठकीत आहे म्हणून सांग. मग चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत प्यालो नाही.