दत्तक घेतलेलं बंदर

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १४ ऑक्टोबर १९७९

ती. दादास,
शेवंतीचा साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

गणपतीनंतर माझं पत्र नाही म्हणून वहिनीने काळजी केली असेल. आम्ही इकडे बरे आहोत. यांची पाळी सध्या दिवसाची आहे. नंदिनी कॉलेजात जायला लागली, आता तिला माझ्या हातचं काही आवडत नाही. शेजारच्या अंबूबाईंनी दिवाळीच्या चकल्यांची भाजणी मला करायला लावली, आणि "तुमच्या कोकणातल्यावानी नको, जरा तिखट टाका की," म्हणत वर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं इथे काढली तरी मी कोकणातलीच.

परवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात बांगडे आले होते. कुठले म्हणून विचारलं, तर ती बाई म्हणाली, "गोव्याचं हाईत. घ्या, ताजं हाईत."

"देवगडकडचे नाहीत?"

"तिकडनं आता काय येतंय बाई? टोपलीबी येत न्हाय."

मी बांगडे न घेताच परत आले. घरात आवडीने खाणारं माणूस होतं, तरी न घेता आले.

वाटेत सारखी आपली रापण आठवत होती. होडी जाळं टाकत अर्धं रिंगण घालून यायची, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना अख्खं पाटबंदर लागायचं. बायका, म्हातारे, शाळा चुकवलेली पोरं. तू तांडेल म्हणून मधे उभा राहून ओरडायचास, आणि तुझा आवाज देवळापर्यंत यायचा. वाटे घालताना नवरा बुडालेल्या शालूबाईचा वाटा तू आधी बाजूला काढायचास. जिने दोरीला नुसता हात लावला तिलाही चार बांगडे मिळायचे. तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. सगळ्याच गावांत असं असतं, असं वाटायचं.

हे आता कशाला उकरतेस, म्हणशील. मला जे लिहायचं आहे ते लिहायला धीर होत नाही, म्हणून इकडचं तिकडचं लिहिते आहे. थोडं सोसून घे.

यांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालक हंबीररावसाहेबांनी कामगारांना विचारलं होतं, की आपण कुणासाठी तरी काही करूया, कुणाचं गाव मागे पडलंय ते सांगा. हे उभे राहिले आणि आपल्या गावाचं नाव घेतलं. घरी आले तेव्हा यांचा चेहरा काय फुलला होता! कारखाना इंजिनं बनवतो, तर होड्यांना इंजिनंच द्यायची ठरलं. कारखान्याने पाटबंदर दत्तक घेतलं असं पेपरातही छापून आलं. मी ते तुला वाचून दाखवलं, तर तू म्हणालास, "गावाक आवस-बापूस नाय काय, दत्तक घेवक?" आणि आपण सगळे हसलो.

पण तू खूश होतास, दादा. मी होते तिथे. दहा होड्यांना दहा इंजिनं, यांनी स्वतः चार दिवस खपून बसवली. साहेबांनी प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला. आपला जना मागे मागे करत होता. रापणीच्या तांडेलाचा भाऊ मी, मला कशाला इंजिन, म्हणत होता. तूच त्याच्या पाठीवर थाप मारलीस. "घे रे. वल्ही मारून माझे खांदे गेले, तुझे तरी रवांदेत." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, तुझ्या नाही, जनाच्या नाही, साहेबांच्याही नाही. तेच मला रात्रंदिवस खातं. कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं तुला मी काय सांगायचं? इंजिनाच्या होड्या लांब जायच्या आणि मासळीचा थवा बाहेरच गाठायच्या. किनाऱ्याला येईपर्यंत उरणार काय? त्या दहा घरांवर कौलं चढली आणि बाकीच्यांच्या टोपल्या रिकाम्या व्हायला लागल्या. रापण अर्धी भरली, मग पाव, मग नुसतं शेवाळ. माणसं दोरी सोडून गोव्याच्या ट्रॉलरवर गेली, मुंबईला गेली. आणि नारळी पौर्णिमेला देवळासमोर, सगळ्या गावादेखत तू जनाला म्हणालास, "माझ्या मढ्याक खांदो देवक येव नको." तो एक शब्द बोलला नाही, होडी ढकलून निघून गेला. त्या दिवसापासून तुम्ही एका आळीत राहून बोलला नाहीत.

तो का बोलला नाही ते मला आता कळलं. मी त्याला विचारलं. म्हणाला, "दादान सांगल्यान म्हणान मी इंजिन घेतलंय. आता ह्या दादाक कसा सांगू?"

हो दादा, जना आमच्याकडे आहे. होळी झाल्यावर आला. तू गावात कुणाकुणाकडे आडून चौकशी केलीस असं वहिनीने लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण त्याने मला शपथ घातली होती.

इंजिनं कशी बंद पडत गेली ते तू पाहिलंस. साहेबांची प्रकृती बिघडली, कारभार नव्या मॅनेजरकडे गेला. दर महिन्याला दुरुस्तीला येणारा माणूस यायचा बंद झाला. यांनी दोन-तीनदा सुटे भाग मागितले, तर उत्तर मिळालं, "त्या जातीचं इंजिन आपण आता काढतच न्हाय." जनाचं इंजिन सगळ्यांत शेवटी बंद पडलं. वल्ह्याने जावं तर जवळ मासळी नाही, रापणीला जावं तर रापण नाही. मग तो एक पिशवी घेऊन एस.टी.त बसला. यांनी त्याला कारखान्यात ओतकामावर लावलं.

आता पुढचं वाचताना वहिनीला जवळ बसव.

श्रावणात एक दिवस साचा कुठेतरी ओला राहिला होता. तापलेलं लोखंड आत पडताच ते उसळलं. बाकीचे मागे सरले. जनाला सरता आलं नाही. त्याचा डावा डोळा गेला. उजवा चांगला आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. मानेवरच्या जखमा भरल्या. साहेब आजारी असून स्वतः दवाखान्यात आले, सगळा खर्च त्यांनी केला, खोटं कशाला बोलू.

तुला कळवते म्हटलं तर त्याने उशीत तोंड घातलं. दादाला दया यावी म्हणून मी डोळा घालवला असं गाव म्हणेल, म्हणाला. पण झोपेत तो तुला हाक मारतो. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

शपथ मोडून लिहिते आहे, तिचं काय व्हायचं ते माझं होईल. तू बोललास ते शब्द तूच परत घ्यायला हवेस, ते माझ्याच्याने होणार नाही. फोंड्याहून राधानगरीवरून येणारी गाडी संध्याकाळी पोचते. मी रोज स्टँडवर येईन असं म्हणत नाही, पण तू कळवलंस तर येईन.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
शेवंती


राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २ डिसेंबर १९७९

ती. दादास,
शेवंतीचा साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. घाटात गाडी बंद पडून तुला थंडीत बसावं लागलं, वाचून वाईट वाटलं. वहिनीने दिलेली सुकट आम्ही जपून वापरतो आहोत. इकडे आता गुऱ्हाळं सुरू झालीत. अंबूबाईंच्या भावाने कळशीभर काकवी पाठवली होती, तुझ्या मुलांची आठवण झाली.

तू आलास हे मला अजून खरं वाटत नाही. पत्र न टाकता, न कळवता, दारात उभा. जना चहा पीत बसला होता. मला वाटलं होतं, तुम्ही दोघं काहीतरी बोलाल. तू नुसता त्याच्यासमोर बसलास आणि त्याच्या मानेवरच्या डागांवरून हात फिरवलास. "माका कळवूक नाय कोणी," एवढंच म्हणालास. जना म्हणाला, "चाय घे." मी आत जाऊन खूप रडले. हे परसात उभे राहिले, त्यांच्याने समोर येववेना. आपण त्या दिवशी गावाचं नाव घेतलं नसतं तर, असं ते आता सारखं म्हणतात. मी त्यांना रागावते, पण माझ्या रागावण्यात जोर नसतो.

दुसऱ्या दिवशी तू कारखान्यात गेलास, तिथलं तू मला काहीच सांगितलं नाहीस. यांच्याकडून कळलं. ऑफिसात इंजिनं दिली त्या दिवसाचा मोठा फोटो लावला आहे, दहा होड्या, दहा जण, गळ्यात हार, मागे आपलं सगळं गाव. तू कोण हे माहीत नसल्याने तिथल्या कारकुनाने तुला कौतुकाने सांगितलं म्हणे, "ह्यो आमचा प्रकल्प, पावणं. दहा कुटुंबं सुधारली बघा." आणि तू मान हलवलीस. का नाही बोललास म्हणून यांनी जिन्यात विचारलं, तर म्हणालास, "काय बोलू? त्या फोटोत मी पण हसतंय."

साहेब आपल्या घरी आले तेव्हा मात्र मी तिथेच होते. किती खंगलेत ते. दोन पायऱ्या चढून दम लागला. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तांडेल, आम्ही चांगलंच करायला गेलतो. असं होईल असं वाटलं नव्हतं."

"माका पण वाटलेला नाय, साहेब," तू म्हणालास.

"मग आता सांगा काय करू. नवं जाळं देतो. अख्खी रापण देतो. परत चालू करा की."

तू खाली बघत हाताचे घट्टे चोळत राहिलास. साहेबांना वाटलं तुला पटलं. मग तू इतक्या हळू बोललास की तुझा आवाज मला परका वाटला. "जाळा दिशात, साहेब. पण ओढतली माणसां खयसून आणूची?"

 साहेबांनी जनाकडे पाहिलं आणि म्हणाले, ह्याला फाटकावर कायम करतो. ओतकामाकडे फिरकायला नको, बसून काम. त्यांच्याजवळ देण्यासारखं तेवढंच उरलं होतं, ते त्यांनी दिलं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

त्या रात्री तू "चल घराक" म्हणालास. मी भांडी घासायची थांबवून ऐकत होते. जना म्हणाला, "थय येवन काय करू, दादा? हय गेट उघडूक एक डोळो पुरता." तू पुन्हा म्हणाला नाहीस. मला वाटत होतं तू पुन्हा एकदा म्हणावंस, हात धरून ओढावंस. पण तुझ्याकडे तरी त्याला द्यायला काय होतं? चार म्हातारे आणि खळ्यात कुजणारं जाळं.

आता जे लिहायचं ते लिहिते. स्टँडवर गाडीत बसल्यावर तू खिडकीतून मला विचारलंस, "शिमग्याक येतलो मा तो?" मी म्हणाले, येणार, मी स्वतः घेऊन येते. तुझा चेहरा जरा हलका झाला आणि गाडी सुटली. दादा, ते मी त्याला विचारून म्हणाले नव्हते. तू एवढ्या लांबून येऊन रिकामा परत चालला होतास, ते मला बघवलं नाही.

घरी येऊन मी त्याला सांगितलं, शिमग्याला जायचं आहे. तो म्हणाला, फाटकावरच्या माणसाला शिमग्याची सुट्टी नसते. मग म्हणाला, "दादाक लिही, माझी होडी तोडून टाक म्हणान. लाकडां वहिनीक चुलीक होतली." मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. तो रागावला नाही. खाकी कपडे अंगावर चढवले, टोपी घातली, आरशात बघितलं आणि कामावर गेला. चांगला दिसतो रे त्या कपड्यांत. उजवीकडून पाहिलं तर काही झालं आहे असं वाटतच नाही.

आठवडा झाला, त्याने रोज विचारलं, लिहिलंस का. म्हणून आज लिहिलं. तू होडी तोड असं मी म्हणत नाही, ठेव असंही म्हणत नाही. तो गेल्यापासून ती तुझ्याच अंगणात पडली आहे, रोज तुलाच दिसते. तुझ्या मनाला येईल ते कर, आणि काय केलंस ते मला कळवू नकोस. त्याने विचारलं तर मी काहीतरी सांगेन.

तो इथे एकटा नाही. मी आहे, नंदिनी त्याला मामा मामा म्हणून हसवते. त्याचं जेवण, औषध यांची तू काळजी करू नकोस. तू मात्र तिकडे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसतोस तेव्हा शेजारी कोण असतं ते मला लिही. कुणी नसलं तरी लिही.

तुम्हा दोघांचीही,
शेवंती