सत्त्याहत्तर किलोचा किताब

॥ ग्वादालुपेची माता प्रसन्न ॥

गोमेस पालासिओ,
४ मे १९५७

चि. नासारिओ यास एर्मिनियाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझं पत्र नाही म्हणून आई रोज पोस्टमनला दारात अडवते. तो बिचारा आता पलीकडच्या गल्लीतून जातो. आमच्या ह्यांची साबणाच्या कारखान्यात रात्रपाळी लागली आहे, त्यामुळे दिवसभर घरात कुणी मोठ्याने शिंकायचं नाही असा हुकूम आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. ईस्टरला आला होतास तेव्हा कॉफीचा पेला तुझ्या डाव्या हातातून दोनदा पडला. पहिल्यांदा तू हसलास. दुसऱ्यांदा मात्र त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलंस. मी विचारलं तर म्हणालास, हातांना साबण लागला होता. मला काय दुधखुळी समजतोस? तुला मी कडेवर वागवलंय. मग मी लिनोभाऊंना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, फेब्रुवारीत दोरांवरून मानेवर आपटलास, तेव्हापासून डाव्या हाताची बोटं बधिर आहेत, आणि कुस्ती समितीच्या डॉक्टरांपुढे तू नेहमी उजवा हात करतोस.

आणि अशा मानेने २६ तारखेला तू बोतिकारिओशी किताबाची लढत घेणार. नाव औषधवाल्याचं आणि धंदा हाडं मोडण्याचा. उत्तरेचा वेल्टर वजनाचा किताब तीन वर्षं तुझ्याकडे आहे, पुष्कळ झालं. पट्टा समितीला परत कर. मान गेल्यावर तो कुठे बांधणार आहेस, खाटेला?

आईला यातलं अक्षर सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती रिंगमध्ये चढेल आणि तुला, लोकांच्या त्या लाडक्या सेन्सोंत्लेला, मुखवट्यासकट कान धरून घरी आणील. हसू नकोस. मला रात्री झोप नाही.

पत्राची वाट पाहते. तब्येतीला जप, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एर्मिनियाताई

मेक्सिको शहर,
९ मे १९५७

ती. सौ. एर्मिनियाताईस, नासारिओचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. लिनोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतंच. माझ्या कोपऱ्यात उभा राहणारा माणूस असा, मग शत्रू हवेत कशाला?

ताई, पट्टा परत करता येत नाही असं नाही. पण कारण लिहून द्यावं लागतं. कारण मान असेल तर डॉक्टर तपासणार, आणि तपासलं की माझा परवाना गेला. मग छत्तिसाव्या वर्षी मी काय करू, तुझ्या नवऱ्याबरोबर साबण ओतू? आणि कारण नाही दिलं तर बोतिकारिओ शहरभर सांगत फिरणार की सेन्सोंत्ले नावाचं पाखरू घाबरून उडालं. मुखवटा शिवून मिळतो. मला तर तुझ्याकडून फुकट मिळतो. किताब कुणी शिवून देत नाही. अकरा वर्षं कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या किरकोळ कुस्त्यांत मार खाल्ला, तेव्हा तो कमरेला आला.

आणि किताबाच्या लढतीत दांडगेसुद्धा सभ्य होतात हे तुला माहीत आहे. हात मिळवायचा, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, नियमाबाहेर गेला की बाद. तो माणूस नियमात राहील, कारण त्याला पट्टा हवा आहे.

खरी काळजी वजनाची आहे. गटाची मर्यादा सत्त्याहत्तर किलो, आणि मी साडेएकोणऐंशी. २४ तारखेच्या शुक्रवारी काट्यावर किताबवाला मूठभर जरी जास्त भरला तरी किताब तिथेच काढून घेतात. लढत नाही, डॉक्टर नाही, चौकशी नाही. मोंतेर्रेच्या एका पैलवानाचं असंच झालं होतं. तो अजून कुस्त्या करतो, फक्त लोक त्याला पाहून शिट्ट्या मारतात. म्हणून सध्या उकडलेलं नोपालचं निवडुंग आणि लिंबू यांवर दिवस काढतोय. कृपा करून कुणाबरोबर काही खायला पाठवू नकोस. आईलाही बजाव.

आईला साष्टांग नमस्कार, पोरांना पापा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण काळजी करू नकोस.

तुझा,
नासारिओ

॥ ग्वादालुपेची माता प्रसन्न ॥

गोमेस पालासिओ,
१३ मे १९५७

श्री. लिनोभाऊ यांस स. न. वि. वि.

तुम्ही माझ्या धाकट्याचे धर्मपिता, त्या हक्काने लिहिते आहे. हे पत्र वाचून चुलीत घाला.

नासारिओ पट्टा सोडणार नाही. पण त्याच्याच पत्रातून मला एक वाट दिसली. काट्यावर वजन जास्त भरलं तर किताब जातो आणि परवाना राहतो. मान राहते. म्हणून आज आईला गाडीत बसवून दिलं आहे. तिला एवढंच सांगितलं की पोरगं वाळून काटकी झालंय, शहरात त्याला कुणी घास भरवणारं नाही. लगेच तिने डुकराची चरबी, सुक्या लाल मिरच्या आणि पिठाची पिशवी बांधली. स्टेशनवर हमाल विचारत होता, लग्न कुठे आहे म्हणून. लग्नातलं आसादो, ते लाल मिरचीतलं डुकराचं मांस, ती करणार हे सांगायला नको. ते पुढे आल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

आईला मानेचं माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही. तुम्ही काही करू नका, फक्त गप्प राहा. जेवणाच्या वेळी त्याला धावायला नेऊ नका, एवढंच मागते. मी आईशी खोटं बोलले आहे, आणि तिच्याच हाताने त्याचा पट्टा काढवते आहे. हे बरं नाही हे मला कळतं. दुसरं काही सुचत नाही.

पोरगा तुमची आठवण काढतो. तुमचं लक्ष आमच्या घरावर आहे तसंच राहू द्यावं.

आपली,
एर्मिनिया

मेक्सिको शहर,
१७ मे १९५७

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

तुला बजावलं होतं की खायला काही पाठवू नकोस, तर तू स्वयंपाकीणच पाठवलीस. आईने माझी खोली काबीज केली आहे. जिन्यात पाय ठेवला की मिरचीच्या वासाने पोट ओरडायला लागतं. शेजारीपाजारी दारात ताटल्या घेऊन उभे असतात. मी जेवलो नाही तर ती ताटासमोर बसून राहते आणि मधेच विचारते, तिचा स्वयंपाक बिघडला का म्हणून. मग मी खातो, आणि खाल्लेलं उतरवायला रबरी कपडे घालून धावतो. आज अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं. लिनोला काय झालंय कळत नाही, धावायला नेमका जेवणाच्या वेळेलाच येत नाही.

विनोद पुरे. काल वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. बोतिकारिओने गळ्यात हात टाकल्यासारखं केलं, आणि खाली माझ्या डाव्या हाताची करंगळी धरून मागे वाकवली. मला ते कळलंच नाही. खाली नजर गेली तेव्हा कळलं. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं, बोट सोडलं आणि फार अदबीने आईची तब्येत विचारली.

त्याला आता माहीत आहे, ताई. मान पिळण्याच्या दहा पकडी नियमात बसतात. मी हे तुला लिहायला नको होतं, पण कुणाला लिहू? माघार घेणार नाही. लिनोकडून शपथ घेतली आहे की काही झालं तरी माझ्यासाठी हार मानून रिंगमध्ये टॉवेल टाकायचा नाही. हरलो तर रिंगमध्ये हरेन.

आई आशीर्वाद सांगते, आणि विचारते की ओव्याचा डबा तू काढून ठेवलास का. माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव.

तुझा,
नासारिओ

मेक्सिको शहर,
२० मे १९५७

सौ. एर्मिनियाताई यांस सा. न. वि. वि.

ताई, तुमचा बेत फसतो आहे. तो दिवसा आईसमोर जेवतो आणि नंतर वाफेच्या हमामात जाऊन बसतो. डोळे आत गेलेत, ओठ फुटलेत. आज सत्त्याहत्तर किलो सहाशे भरला. शुक्रवारपर्यंत तो उतरवणार. याचा हट्ट मी अकरा वर्षं पाहतो आहे.

माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली आहे. इकडे मी त्याला घाम काढायला मदत करतो, तिकडे मनातून काटा जड व्हावा म्हणतो. बोतिकारिओच्या माणसांनी तालमीत एका पोराला पकडून मानेच्याच पकडी घोटल्या, असं कानावर आलं. टॉवेल टाकायचा नाही अशी शपथ मी मुलांच्या नावाने घेतली आहे. रविवारी त्याची मान त्या माणसाच्या हातात असेल आणि टॉवेल माझ्या खांद्यावर. मी काय करू ते सांगा. पत्राला वेळ लागेल, तार करा.

आईसाहेब मजेत आहेत. माझंही दोन किलो वाढलं. आपला आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

आपला,
लिनो बारागान

तार
गोमेस पालासिओ, २३ मे
लिनो बारागान, मेक्सिको शहर
शपथ मोडा. टॉवेल टाका. पाप माझ्या माथी. एर्मिनिया

मेक्सिको शहर,
२५ मे १९५७

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

वर्तमानपत्रं तिकडे पोचली असतील. सेन्सोंत्लेने किताब गिळला, असा मथळा एकाने दिला आहे. लोक हसतात. हसू देत. खरं काय झालं ते तुला सांगतो.

काल सकाळी हमामातल्या काट्यावर मी सत्त्याहत्तरच्या आत होतो. थोडाच, पण आत. लिनोचा चेहरा पडला, तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही. मी बाकावरून उठताना आधाराला डावा हात टेकला. थोड्या वेळाने कातडी जळल्याचा वास आला आणि लिनो ओरडला. हात वाफेच्या नळावर होता. तळव्याची साल नळाला चिकटून राहिली. मला काहीही जाणवलं नाही. मी उभा राहून त्या हाताकडे पाहत होतो.

मला भीती वाटली, ताई. बोतिकारिओची नव्हे. रविवारी पडताना मी दोर धरायला जाईन, आणि दोर हातात आला की नाही हे मला समजणारच नाही, याची. इतकी वर्षं माझी भीती मुखवट्याआड कुणाला दिसली नाही, पण इतकी भीती कधी वाटलीही नव्हती.

हाताला फडकं गुंडाळून, मुखवटा घालून आम्ही वजनाला गेलो. लिनोला म्हणालो, मोरीत जाऊन येतो. तिथे नळाला तोंड लावलं आणि पोट दुखेपर्यंत प्यालो. मग काट्यावर उभा राहिलो. जवळजवळ किलोभर जास्त. अधिकाऱ्याने उतरवायला तासभर देऊ केला. मी नको म्हणालो. पट्टा त्यांनी टेबलावरून उचलला आणि पिशवीत घातला, एवढंच. बोतिकारिओ रविवारी दुसऱ्या कुणाशी तरी लढेल. त्याला पट्टा असा नको होता, फार चिडला.

आई बाहेर उभी होती. तिने अधिकाऱ्याला गाठलं आणि सुनावलं की तुमचा काटा चोर आहे, माझं पोर आठ दिवस धड जेवलेलं नाही, आणि वजन करायचं तर आधी स्वतःच्या पोटाचं करा. त्याने टोपी काढून माफी मागितली.

पण घरी आल्यावर ती चुलीकडे गेली नाही. कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, आपण आपल्या हाताने लेकराच्या तोंडचा घास काढला. मी सांगितलं की तुझ्या जेवणाने काही झालं नाही, मी आत होतो, नळावर पाणी प्यालो. तिने विश्वास ठेवला नाही. म्हणाली, लहानपणापासून दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायची तुझी खोड आहे. मी शपथ घेतली तर तिने तोंडावर हात ठेवला.

मग माझ्या हाताला लावायला तिने शेजारणीकडून कोरफड आणली. मी तिचं मन रमावं म्हणून खालच्या न्हाव्याच्या पोपटाची गोष्ट सांगत होतो. ती उघड्या मांसावर गर चोळत होती. चोळता चोळता थांबली. मग अंगठ्याने जोरात दाबलं. मी पोपटाचंच सांगत होतो. तिने वाटी खाली ठेवली, आणि ताई, मी आईला इतक्या मोठ्याने रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मग सगळं सांगितलं. मान, फेब्रुवारी, करंगळी. लिनो हातात टोपी घेऊन उभा होता, त्यानेही तुझी तार आणि तुझा बेत सांगून टाकला. मला तुझा राग आला, खोटं कशाला लिहू. आईला माझा, तुझा, लिनोचा, तिघांचा आला. मला आणि लिनोला बोलून झालं आहे.

गुरुवारी हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. समितीचे नव्हेत. परवाना राहील न राहील, तो विचार नंतर. आई म्हणते, एर्मिनियाला पहिल्या गाडीने बोलाव, तिची खरडपट्टी पत्रातून काढण्यासारखी नाही. पण मघाशी ती लिनोला जिन्यात हळू आवाजात सांगत होती की डॉक्टर जे सांगतील ते तिला एकटीला ऐकवणार नाही.

मलाही ऐकवणार नाही. लोभ पत्रात लिहू नकोस, घेऊन ये.

तुझा,
नासारिओ